टॉवेलचा टोपीवाला झगा: पूलसाठी आणि तिथलच्या सहलीसाठी, घरच्या मशीनवर

बडोद्यात समुद्र नाही हे मलाही माहितीये, पण उन्हाळ्यात लालबाग आणि सरदारबागच्या स्विमिंग पूलवर पोरांची रांग असते आणि नाताळच्या सुट्टीत निम्मं गाव वलसाडजवळच्या तिथलच्या समुद्रावर नाहीतर दमण-दीवला गेलेलं असतं, त्यामुळे ओल्या पोराला गुंडाळायचं काय हा प्रश्न आपल्यालाही पडतोच. नुसता टॉवेल पाठीवर टाकला तर तो दोन मिनिटांत वाळूत पडतो, पोरगं कुडकुडत भज्यांच्या गाडीपाशी उभं आणि आई मागून टॉवेल झटकत. त्यापेक्षा टॉवेलचाच झगा शिवून टाकायचा, वरून डोक्यातून घालायचा, टोपी असलेला, आणि एवढा ऐसपैस की आतल्या आत ओले कपडे बदलता आले पाहिजेत. रेडिमेड मिळतात, नाही असं नाही, पण बरेचसे पॉलिस्टरचे निघतात, हाताला मऊ लागतात आणि पाणी मात्र नुसतं इकडचं तिकडे सारतात.

एक आंघोळीचा टॉवेल आणि एक हात पुसायचा नॅपकिन एवढ्यात चार ते सात वर्षांच्या मुलाचा झगा होतो. सरळ शिवण येत असेल तर एका दुपारचं काम आहे. एकच गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, टॉवेलला चारी बाजूंनी गिरणीतूनच काठ तयार होऊन आलेले असतात, ते फुकटचं शिवणकाम आहे, ते जितके वाचवाल तितकं तुमचं काम कमी. नेटवर बघून टॉवेल दुमडून घडीत गोल गळा कापतात आणि मग लांबी जास्त झाली म्हणून खालचा काठ कापून टाकतात, त्यात चांगली तयार किनार गेली आणि वर टर्किश दुमडून हेम घालायचा कुटाणा. आपण खालून कापायचंच नाही, मधून कापायचं. ते पुढे सांगते.

आधी टॉवेल, कारण निम्मं यश तिथेच आहे. जाडजूड हॉटेलसारखा टॉवेल घ्यायचा मोह होतो, तो घेऊ नका. तो पिशवीत मावत नाही, ओला झाला की पोराला उचलवत नाही, संध्याकाळपर्यंत वाळत नाही, आणि गळ्यापाशी टोपी, खांदा, पट्टी असे सगळे थर एकत्र आले की घरच्या मशीनची सुई तुटते. टॉवेलचं वजन जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम ते, आणि आपल्याला ४०० च्या आसपासचा पाहिजे. लेबलवर लिहिलेलं नसेल तर किचनच्या वजनकाट्यावर ठेवा, ३० बाय ६० इंचाचा टॉवेल साधारण ४५० ग्रॅम भरला तर तो ४०० जीएसएमचा, पावणेसातशे ग्रॅमच्या वर गेला तर तो ६०० चा, तो आंघोळीलाच राहू द्या. सोलापूरचे टर्किश टॉवेल यासाठी फार छान, पातळसर असतात आणि पाणी चांगलं ओढतात. आपल्या इथे मंगळबाजार, नवा बाजारकडे ढिगात टॉवेल मिळतात, तिथे हात लावून बघा, दोन्ही बाजूंना सुताचे फासे पाहिजेत. एका बाजूला मखमलीसारखा कापलेला असतो तो दिसायला भारी, वाळूही त्याला कमी चिकटते, पण त्या बाजूने पाणी कमी टिपलं जातं, तसा घ्यायचाच असेल तर मखमल बाहेर आणि फासे आत ठेवा.

रंगाचं म्हणाल तर तिथलची वाळू काळी आहे, सुरतजवळच्या डुमसचीही काळीच, पांढरा झगा एका फेरीत राखाडी होतो. गडद लाल, गडद निळा घेतला तर तो रंग सोडतो, दुकानदार "रंग नहीं जाय बेन" म्हणेल, त्याचं ऐकून घ्या आणि घरी येऊन बादलीत भिजवा. मला केशरी किंवा पोपटी आवडतो, मळ फार दिसत नाही आणि गर्दीत आपलं पोरगं लांबून ओळखू येतं, हा फायदा आईलाच कळतो.

आणल्या आणल्या कापायला बसायचं नाही. टॉवेल आणि नॅपकिन दोन्ही गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात वाळवा, रंग जात असेल तर पाणी स्वच्छ येईपर्यंत परत धुवा. सुती टॉवेल पहिल्या धुण्यात आटतो, ६० इंचाचा ५७ झाला तर नवल नाही, आणि नॅपकिन वेगळ्या कंपनीचा असेल तर तो वेगळाच आटतो, म्हणजे आधी शिवून मग धुतलं तर गळ्याला चुण्या पडणार. फॅब्रिक कंडिशनर आत्ताही नाही आणि पुढेही नाही, त्याचा थर सुतावर बसतो आणि टॉवेल पाणी प्यायचं कमी करतो.

मशीनची तयारी. साधं काळं पायमशीन चालतं, झिगझॅग असेल तर बरं, नसेल तर अडत नाही. सुई १६ नंबरची, नवी. दोरा पॉलिस्टरचा, कारण खाऱ्या पाण्याने आणि पूलच्या क्लोरीनने सुती दोरा लवकर कुजतो. टाका मोठा ठेवायचा, ३ ते ३.५ मिलिमीटर, बारीक टाका टर्किशात रुतून बसतो आणि चुकलं तर उसवताना रडू येतं. वरचा दाबाचा स्क्रू थोडा ढिला करा, नाहीतर वरचा थर पुढे सरकतो आणि खालचा मागे राहतो, शिवण संपताना एक बाजू इंचभर लांब. टाचण्या फाशांत हरवतात, म्हणून मोठ्या डोक्याच्या घ्या किंवा सरळ कपडे वाळत घालायचे चिमटे लावा, किंवा कच्चा धावदोरा घाला, तो सगळ्यात भरवशाचा. आणि कापताना सुताचा जो भुसा उडतो ना, तो गॅलरीत नाहीतर अंगणात उडू द्या, पंखा बंद करून. तरी मशीनच्या दातांत आणि बॉबिनच्या केसमध्ये तो जाऊन बसतोच, मधे एकदा ब्रशने काढा आणि काम संपल्यावर तेल द्या.

आता माप. पोराला उभं करा आणि मानेच्या कडेपासून, म्हणजे खांदा जिथे सुरू होतो तिथपासून, गुडघ्याखाली चार बोटं इथपर्यंत टेप लावा. साधारण चार वर्षांच्या मुलाला २३ इंच, सहाला २६, आठला २९ च्या जवळपास येतं, पण पोरं कुठे पुस्तकाप्रमाणे वाढतात, मोजाच. पोटऱ्यांच्या खाली नको, ओला काठ पायात येऊन पडतात. आठ वर्षांपासून पुढे ३० बाय ६० चा टॉवेल पुरत नाही, त्यांना ३५ बाय ७० वाला लागतो. अडीच-तीन वर्षांच्या पोराला उलट ३० इंच रुंदी फार होते, हात बाहेरच येत नाहीत, त्याला २४ बाय ४८ चा घ्या.

समजा तयार लांबी २४ पाहिजे. टॉवेलच्या एका टोकाच्या काठापासून २४॥ (साडेचोवीस) इंचावर खडूने आडवी रेघ मारा, दुसऱ्या टोकापासूनही २४॥ वर मारा. वरचा अर्धा इंच खांद्याच्या शिवणीला. धुऊन ५७ इंच झालेल्या टॉवेलात मधे आठेक इंचाची पट्टी उरेल ती बाजूला ठेवा. झाले दोन भाग, पुढचा आणि पाठीचा, आणि दोन्हींना खाली तयार किनार आहे, ती पट्टीची नक्षी असेल तर तीही पुढे-मागे सारखी आली. टॉवेलला वर-खाली असं चित्र असेल, मासा किंवा कार्टून, तर मात्र चित्र मधून कापलं जाणार, म्हणून या कामाला साधा किंवा पट्ट्यापट्ट्यांचाच टॉवेल घ्या.

कात्री लावायच्या आधी एक गोष्ट करा, रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर मशीनची शिवण मारून घ्या आणि मग मधून कापा. टर्किश कापला की कडेचे फासे सुटायला लागतात, ही शिवण त्यांना धरून ठेवते आणि भुसाही कमी पडतो. गळा कापतानाही हेच, आधी खडू, मग शिवण, मग कात्री.

गळ्यासाठी दोन्ही भाग उभे दुमडून मधली खूण करा. गळ्याची रुंदी ७ इंच, म्हणजे मधल्या खुणेपासून दोन्हीकडे साडेतीन साडेतीन, पाठीमागे खोली १ इंच आणि पुढे ३ इंच. ब्लाउजचा गळा काढतो तसाच गोल काढा, फक्त उथळ. खांद्याला उतार पाहिजे, गळ्यापाशी काही नाही आणि बाहेरच्या टोकाला २ इंच खाली, अशी तिरपी रेघ मारून कापा. नुसता सरळ ठेवला तर झगा खांद्यावर खोक्यासारखा उभा राहतो, मधून कापल्याचा दुसरा फायदा हाच की हा उतार देता येतो, अख्खा टॉवेल घडीवर ठेवला तर कुठून देणार.

खांदे जोडा, सुलट बाजू आत, अर्ध्या इंचावर. फ्रेंच शिवण, म्हणजे कडा आत लपवणारी दुहेरी शिवण, घालायला जाऊ नका, टर्किशात ती दोरखंडासारखी होते. शिवण दोन्हीकडे उघडून बोटाने चपटी करा आणि दोन्ही बाजूंनी वरून एकेक शिवण मारा. आतल्या कापलेल्या कडांना जवळच्या फॉल-पिकोवाल्याकडून इंटरलॉक करून आणलं तर उत्तम, नाहीतर दीड इंच रुंद पॉपलिनची पट्टी आतून वर ठेवून दोन्ही कडांनी शिवा. पट्टीला जुनी बांधणीची ओढणी वापरायचा विचार कितीही छान वाटला तरी नको, बांधणी ओली झाली की रंग सोडते, पोराच्या मानेवर ठिपके येतील.

यानंतर गळ्याची चीर, आणि ही टाळू नका. टर्किशला ताण नसतो, चार-पाच वर्षांच्या पोराचं डोकं २० इंचांच्या आसपास असतं, आणि टोपी जोडल्यावर गळा १९-२० चाच राहतो, म्हणजे कानाला ओरबाडत जाणार. काही जण गळाच मोठा करतात, मग तो खांद्यावरून घसरतो आणि छाती उघडी, वारा नेमका तिथेच लागतो. कुर्त्याला करतो तशीच चीर करायची. पॉपलिनचा ३ बाय ७ इंचाचा तुकडा पुढच्या भागाच्या सुलट बाजूवर मधोमध ठेवा, गळ्यापासून ५ इंच खाली रेघ, रेघेच्या दोन्हीकडे पाव पाव इंचावर शिवण मारत खाली टोकाला निमुळती करा, टोकापाशी दोन-तीन आडवे टाके जास्तीचे, मग मधून कापा, अगदी टोकापर्यंत, दोरा न कापता, आणि पट्टी आत उलटवा. वरून कडेने एक शिवण. पट्टीच्या बाहेरच्या कडा आधीच दुमडून शिवलेल्या असल्या की आत काही लोंबत नाही.

आता टोपी, यात जरा लक्ष द्या. धुतलेला नॅपकिन साधारण १६ बाय २४ इंच. त्याची २४ इंची तयार कड ही चेहऱ्याभोवती येणार, तिला हात लावायचा नाही. दोन्ही टोकांच्या नक्षीच्या जाड पट्ट्या फक्त कापून टाका, कारण ती टोकं गळ्याच्या शिवणीत जाणार आणि तिथे आधीच थर भरपूर आहेत. नॅपकिन असा दुमडा की ती लांब कड अर्धी होईल, घडी डोक्यावर, कड चेहऱ्याकडे, मागची बाजू उघडी. टोपीची उंची ११ ते साडेअकरा भरेल, सहा वर्षांपर्यंत पुरते. त्याहून मोठं पोरगं असेल तर आधी टेप मानेच्या खळगीपासून डोक्यावरून दुसऱ्या बाजूने परत खळगीपर्यंत फिरवा, त्यात २ इंच मिळवा, तेवढी लांब कड ज्या नॅपकिनला असेल तो आणा.

टोपीची खोली किती हे माझ्या आकड्यावरून कापू नका. चीर झाल्यावर झग्याचा गळा टेप उभा धरून मोजा, पण कापलेल्या कडेवर नाही, अर्धा इंच आत जिथे शिवण येणार आहे त्या रेषेवर, चिरेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. जे येईल त्याच्या निम्मं अधिक अर्धा इंच, एवढी खोली चेहऱ्याच्या कडेपासून मागे मोजून कापा. गळा १९ आला तर १० इंच. मागची शिवण घालताना वरचा कोपरा गोल करा, वाटी ठेवून आखला तरी चालेल, नाहीतर टोपीला मागे टोक येतं आणि पोरगं जादूगारासारखं दिसतं, काही पोरांना तेच हवं असतं म्हणा.

जोडताना टोपीची मागची शिवण पाठीच्या गळ्याच्या मध्यावर पहिल्यांदा टाचा, मग चेहऱ्याच्या दोन्ही कडा चिरेच्या दोन्ही कडांना, मग मधला भाग सारखा वाटून घ्या. इथे कच्चा धावदोरा घालाच. अर्ध्या इंचावर सावकाश शिवा, खांद्याच्या शिवणीवरून जाताना पायाने नाही तर हाताने चाक फिरवून सुई न्या. मग दोन थरांपैकी एक कापून अर्धा करा, म्हणजे जाडी उतरते, आणि वर पॉपलिनची तिरपी, म्हणजे कापडावर तिरकी कापलेली, पट्टी लावून ती शिवण पूर्ण झाकून टाका. ओल्या मानेला हीच शिवण घासते, म्हणून एवढी मेहनत. पट्टी लावताना पाठीमागे मधोमध ३ इंचाचा एक लूप आत घालून टाका, पूलवर खुंटीला अडकवायला.

टोपीला नाडी लावायची नाही. कितीही गोंडस दिसली तरी नाही. घसरगुंडीच्या फटीत किंवा गाडीच्या दारात ती अडकते आणि गळ्याला फास बसतो. युरोपातल्या ईएन १४६८२ या स्टँडर्डमध्ये ७ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्यांना टोपीपाशी आणि गळ्यापाशी नाडी-दोरी ठेवूच देत नाहीत, आणि अमेरिकेत १९९६ मध्येच सरकारी सुरक्षा आयोगाने याबद्दल सूचना काढल्या होत्या. वाऱ्याने टोपी उडते असं वाटलं तर चिरेच्या वर एक प्लॅस्टिकचं टिच बटण लावा, ओढलं की सुटतं. लोखंडी बटण खाऱ्या हवेत गंजतं आणि टॉवेलवर तपकिरी डाग पाडतं.

बाजू शिवणं अगदी सोपं, कारण दोन्हीकडे टॉवेलचे तयार काठ आहेत, इंटरलॉकही नको आणि पट्टीही नको. खांद्यापासून ७ इंच खाली हातासाठी मोकळं सोडा, लहान पोराला ६ पुरे, तिथून खाली पाऊण इंचावर सरळ शिवा आणि खालचे ५ इंच परत मोकळे ठेवा, म्हणजे पळता येतं आणि गुडघे मुडपून किल्ला करत बसता येतं. वर आणि खाली जिथे शिवण थांबते तिथे मागे-पुढे करून पक्कं करा, पोरं हात घालताना नेमकं तिथेच फाडतात. मुंढा वगैरे काही कापायचं नाही, ३० इंच रुंदीमुळे अर्धी बाही आपोआप होते.

खिसा उरलेल्या पट्टीतून होतो, पण मी म्हणेन टर्किशचा खिसा नकोच, त्यात ओली वाळू भरते आणि घरी येऊन ती वॉशिंग मशीनच्या पोटात जाते. जाळीच्या कापडाचा लावा, वाळू गळून जाते आणि शिंपले राहतात. पट्टीचे मग कान करा, ससा-मांजर जे काय मागणी असेल ते, आणि टोपीवर हाताने टाचून टाका.

डोक्यातून घालायला कटकट करणारं पोरगं असेल तर पुढचा भाग मधून उभा कापून दोन्ही कडांना तिरपी पट्टी लावा, दोन-तीन टिच बटणं, झाला पुढून उघडा झगा. मग चीर करायची नाही. कपडे बदलायला मात्र बंद झगाच बरा, उघड्यात सगळं दिसतं.

झगा घालून पाण्यात जाऊ द्यायचं नाही, पूलमध्येही नाही आणि समुद्रात तर अजिबात नाही. ओला टर्किश खूप जड होतो आणि हातात-पायात गुंडाळला जातो. तो बाहेर आल्यावरचा कपडा आहे, हे पोरांना पहिल्याच दिवशी सांगा.

तिथलहून किंवा दमणहून परत येताना वाळू हॉटेलवरच झटकायची, पण ओल्यावर नाही, आधी झगा सुकू द्या, सुकल्यावर ती आपोआप निघते. मग त्याच दिवशी गोड्या पाण्यातून काढा, मीठ राहिलं तर झगा पापडासारखा कडक होतो आणि दमट हवेत कधी पूर्ण वाळतच नाही. पूलवरून आल्यावरही तेच, साबण रोज नको, साधं पाणी पुरे. एखादा फासा ओढला गेला तर ओढून काढू नका, कात्रीने बाहेर आलेला तेवढाच कापा, त्याने भोक पडत नाही. वाळत घालताना टोपी उलटी करून घाला, गळ्याच्या शिवणीपाशी ओल सगळ्यात जास्त वेळ राहते आणि वास तिथूनच सुरू होतो.